जुन्या सीडी कॉपी करताना प्री-एम्फसिसचं काय करायचं?

खर्ज
आमच्या संगीत मंडळाच्या कपाटात १९८३ ते १९८८ या काळातल्या साधारण १४० सीडी आहेत. बऱ्याच जपानी, काही पश्चिम जर्मनीत छापलेल्या, उरलेल्या ब्रिटनमधल्या. सगळ्या फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता दाबलेल्या ध्वनी-फाइलीत) उतरवून ठेवायच्या आहेत. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडी उतरवायचं सॉफ्टवेअर (पुढे ईएसी) वापरून वीस झाल्या. त्यातल्या तीन सीडींना प्री-एम्फसिसच्या रकान्यात 'होय' आलं, बाकीच्यांना 'नाही'. पण 'नाही' वाल्यांपैकी दोन ऐकताना तानपुऱ्याची जवारी कानाला बोचते आणि तबल्याची चाट सुईसारखी येते. त्याच सीडी जुन्या प्लेअरवर लावल्या की सगळं जागच्या जागी.

माझे प्रश्न तीन. सीडीवरची प्री-एम्फसिसची खूण, म्हणजे फ्लॅग, खात्रीने कसा ओळखायचा? डी-एम्फसिस उतरवतानाच करून टाकायचं की मूळ तसंच ठेवून वाजवताना करायचं? आणि केलं तर फाइल १६ बिटांची ठेवायची की २४?

तिरकिट
चांगला धागा. वाचनखूण साठवली. पण प्री-एम्फसिस म्हणजे नेमकं काय, ते कुणीतरी आधी सांगा.

शून्य_डेसिबल
@तिरकिट, डॉल्बी बी चालू ठेवून भरलेली कॅसेट डॉल्बी बंद करून वाजवली की कशी किरकिरी लागते? तसंच समजा. भरताना वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम वाढवायचा, वाजवताना तेवढाच उतरवायचा. उतरवताना मधल्या टप्प्यात शिरलेली खरखरही सोबत उतरते. फरक एवढाच की डॉल्बीचं प्रमाण आवाजाच्या पातळीप्रमाणे बदलतं. सीडीचं प्री-एम्फसिस मात्र ठरलेल्या एकाच वक्राने होतं, त्यामुळे ते तंतोतंत उलटवता येतं.

फिलिप्स आणि सोनी यांच्या रेड बुकमध्ये, म्हणजे ऑडिओ सीडीच्या मूळ नियमावलीत, ही सोय ऐच्छिक आहे. वक्राचे दोन काळ (टाइम कॉन्स्टंट) ठरलेले आहेत, ५० आणि १५ मायक्रोसेकंद. वारंवारतेत सांगायचं तर ३१८३ हर्ट्झच्या आसपास चढ सुरू होतो आणि १०६१० हर्ट्झनंतर तो सपाट व्हायला लागतो. आकडे लिहून ठेवा, पुढे तपासताना लागतील: १ किलोहर्ट्झला ०.४ डेसिबल, २ ला १.३, ५ ला ४.५, १० ला ७.६, १६ ला ९.० आणि २० किलोहर्ट्झला ९.५.

त्या काळात हे करायचं कारण कन्व्हर्टर, म्हणजे आकडे आणि ध्वनी यांचं एकमेकांत रूपांतर करणाऱ्या चिप. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमधली टीडीए १५४० ही चिप १४ बिटांची होती. चौपट ओव्हरसॅम्पलिंग (नमुन्यांची संख्या चौपट करणं) आणि नॉइज शेपिंग (खरखर ऐकू न येणाऱ्या पट्टीत ढकलणं) करून तिच्याकडून १६ बिटांच्या तोडीचं काम काढून घेतलं होतं. संगीतात १० किलोहर्ट्झच्या वर ऊर्जा मुळातच कमी असते, त्यामुळे तिथे ९ डेसिबल वाढवायला बहुतेक वेळा जागा सापडते. कन्व्हर्टर सुधारले तशी ही पद्धत मागे पडली.

संगणकाने सीडी उतरवताना ड्राइव्ह फक्त नमुन्यांचे आकडे देतो. ते फुगवलेलेच असतात. प्लेअरमध्ये डी-एम्फसिसचं सर्किट असतं, फाइलमध्ये ते कुठून येणार? खर्ज यांना जो फरक ऐकू येतोय तो हाच.

जवारी
आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण तिथेच सगळे फसतात.

फ्लॅग सीडीवर दोन ठिकाणी असतो. एक, सुरुवातीच्या लीड-इनमधल्या अनुक्रमणिकेत, म्हणजे टीओसीमध्ये. दोन, प्रत्येक ट्रॅकबरोबर अखंड वाहणाऱ्या क्यू सबचॅनलमध्ये. दोन्हीकडे चार कंट्रोल बिट असतात: एक प्री-एम्फसिसचा, एक कॉपीच्या परवानगीचा, एक डेटा ट्रॅकचा, एक चार चॅनलचा. दोन्ही ठिकाणचे बिट जुळायला हवेत, पण सुरुवातीच्या बऱ्याच सीडींवर सबचॅनलमध्ये फ्लॅग आहे आणि टीओसीमध्ये नाही. प्लेअर वाजवताना सबचॅनल वाचत असतो म्हणून तो बरोबर वाजवतो. ईएसीचा तो रकाना टीओसीवरून भरतो. म्हणून 'नाही' आलं म्हणजे खरंच नाही असं समजू नका.

सबचॅनल वाचायला लिनक्सवर सीडीआरडीएओ हा प्रोग्रॅम घ्या आणि त्याचं 'रीड-टॉक' चालवा. 'फास्ट-टॉक'चा पर्याय देऊ नका, त्याने ट्रॅकच्या आतली तपासणी वगळली जाते. पूर्ण तपासणीत प्रत्येक ट्रॅकनंतर एक ओळ येते: या ट्रॅकचे कंट्रोल निबल (वरचे ते चार बिट) टीओसीशी जुळतात, किंवा जुळत नाहीत. 'जुळत नाहीत' दिसलं की कान टवकारा. सीडीडीए-टू-वेव्हसुद्धा सबचॅनल बघतं. 'सीडी-इन्फो' मात्र टीओसीच दाखवतं, त्यावर विसंबू नका.

तिसरी गोष्ट. हा फ्लॅग ट्रॅकनिहाय असतो. दोन वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांतून जुळवलेल्या संकलनात ट्रॅक १ ते ४ ला आहे आणि ५ पासून नाही, असं होऊ शकतं. पहिला ट्रॅक बघून पूर्ण सीडीचा निकाल लावू नका.

तपकीरगल्ली
ड्राइव्हबद्दल थोडं. लॅपटॉपला लावायचे पातळ यूएसबी ड्राइव्ह काम करतात, पण १४० सीडी करायच्या तर पूर्ण आकाराचा साटा ड्राइव्ह घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत वापरलेले मिळतात. दुकानातच एक ओरखडे असलेली सीडी लावून वाचून बघा, नुसता ट्रे उघडतो-मिटतो एवढ्यावर घेऊ नका.

अडॅप्टर घेताना नीट बघा. पूर्ण आकाराच्या ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. लॅपटॉपच्या अडीच इंची हार्ड डिस्कसाठी जी साटा-यूएसबी वायर मिळते ती फक्त ५ व्होल्ट देते. त्यावर ड्राइव्हची मोटर फिरत नाही आणि माणसाला वाटतं ड्राइव्हच मेला. वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा असलेलाच अडॅप्टर मागा.

पेठकरी
इतकं सगळं करायची गरज आहे का? प्लेअरमध्ये इक्वलायझर असतो. वरच्या दोन-तीन पट्ट्या कानाला बरं वाटेल तेवढ्या खाली घ्यायच्या, झालं.

शून्य_डेसिबल
@पेठकरी, एका संध्याकाळी ऐकण्यापुरतं चालेल, संग्रहासाठी नाही. ग्राफिक इक्वलायझरच्या पट्ट्या ठरावीक मध्याभोवती डोंगर-दऱ्या करतात. आपल्याला हवाय तो ३ किलोहर्ट्झपासून सावकाश उतरत जाणारा एकच उतार. कानाने जुळवायला गेलं की बहुतेक जण १० च्या आसपास जास्त कापतात आणि ३ ते ५ मध्ये कमी. मग गाणाऱ्याचे 'स' आणि 'श' मऊ होतात, पण आवाजाच्या मध्यावर पातळ, चिरका थर तसाच राहतो. खरा बिघाड त्या मधल्या भागातच असतो.

पेठकरी
मान्य. मग ऑडॅसिटीमध्ये बिंदू देऊन नेमका वक्र काढला तर? तुम्ही वर दिलेले आकडे उणे करून टाकायचे.

शून्य_डेसिबल
ते इक्वलायझरपेक्षा पुष्कळ बरं. पण ऑडॅसिटीचा तो फिल्टर लिनिअर फेजचा आहे, म्हणजे तो सगळ्या वारंवारतांना सारखाच उशीर लावतो. स्टुडिओतलं मूळ प्री-एम्फसिस मिनिमम फेजचं होतं. आपल्याला नुसती उंची उतरवायची नाही, त्याने केलेला फेजचा बदलही परत फिरवायचा आहे. तो परत फिरला तरच तबल्याच्या चाटीची कड मूळ जागी बसते. त्यासाठी त्याच जातीचा फिल्टर लागतो.

सॉक्स या आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये हा फिल्टर तयार आहे, नाव 'डीएम्फ'. आदर्श वक्रापासून २० किलोहर्ट्झपर्यंत फार तर ०.०६ डेसिबलचा फरक. आज्ञेत आधी मूळ फाइलचं नाव, मग बिटांच्या स्विचला २४, मग नव्या फाइलचं नाव आणि सगळ्यात शेवटी 'डीएम्फ'. स्विच नव्या फाइलच्या नावाआधी आला पाहिजे आणि इफेक्ट नंतर, क्रम चुकला की सॉक्स तक्रार करतो. हा फिल्टर ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झलाच चालतो. म्हणून आधी ९६ ला नेऊन मग डी-एम्फसिस, असा उलटा प्रवास करू नका.

एफएफएमपेग या तशाच प्रोग्रॅममध्ये 'ए-एम्फसिस' आहे. त्याचा प्रकार 'सीडी' ठेवायचा आणि मोड 'रिप्रॉडक्शन'. 'प्रॉडक्शन' निवडलात तर तो उतरवण्याऐवजी आणखी चढवेल.

तिरकिट
डी-एम्फसिस करताना आवाज फाटण्याची भीती नाही ना? आधी पातळी ३ डेसिबल खाली घ्यावी का?

शून्य_डेसिबल
नको. या फिल्टरचं गणित उघडून बघा: मूळ सिग्नलचा ०.३ भाग जसाच्या तसा, आणि ०.७ भाग लो-पासमधून (वरची पट्टी अडवणाऱ्या फिल्टरमधून) गाळलेला. दोन्ही भाग धन, बेरीज बरोबर १. म्हणजे बाहेर येणारं शिखर आत गेलेल्या शिखरापेक्षा मोठं होऊच शकत नाही. पातळी आधी खाली घ्यायचं कारण नाही, नंतर वर घ्यायचंही नाही. हो, मूळ सीडी भरतानाच वरच्या पट्टीतलं एखादं शिखर कापलं गेलं असेल तर ते डी-एम्फसिसने परत येणार नाही. ते तसंच स्वीकारायचं.

मींड
एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. ट्रॅक सुटे करून फिल्टर लावू नका.

मैफलीच्या सीडीवर आलाप, जोड, गत असे ट्रॅक पाडलेले असतात, पण ध्वनी सलग असतो. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला फिल्टरची आठवण शून्यापासून सुरू होते. आधीच्या ट्रॅकच्या शेवटी तानपुऱ्याची लाट वर असताना पुढचा ट्रॅक सुरू झाला, तर फिल्टरला त्या पातळीवर यायला काही नमुने लागतात. ५० मायक्रोसेकंद म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला साधारण २.२ नमुने. म्हणजे दहा-बारा नमुन्यांत सगळं सावरतं, पण जोडावर बारीक 'टक' राहतो. हेडफोनवर शांत आलापात तो नक्की ऐकू येतो.

म्हणून पूर्ण सीडी एकच फाइल आणि क्यू-शीट (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगणारी मजकूर-फाइल) अशी उतरवा, फिल्टर त्या अख्ख्या फाइलला लावा, आणि मग क्यू-शीटप्रमाणे तोडा. सॉक्सचा हा फिल्टर नमुन्यांची संख्या बदलत नाही, त्यामुळे जुनी क्यू-शीट तशीच चालते. एका सेकंदात ७५ सेक्टर, एका सेक्टरला ५८८ नमुने. हाताने तोडणार असाल तर ५८८ च्या पटीतच तोडा.

जवारी यांनी सांगितलेली मिश्र सीडी असेल तर अख्ख्या फाइलला फिल्टर लावता येत नाही. अशा वेळी फ्लॅग असलेले सलग ट्रॅक एकत्र जोडा, तेवढ्याच तुकड्याला फिल्टर लावा. सॉक्सला एकापाठोपाठ अनेक फाइलींची नावं दिली की तो त्या आपणहून जोडतो.

अनाहत
२४ बिटांचा आग्रह मला पटत नाही. मूळ सीडी १६ बिटांची. १९८३ मधली बरीचशी ध्वनिमुद्रणं ॲनालॉग टेपवरची आहेत, टेपची खरखर १६ बिटांच्या तळापेक्षा कितीतरी वर असते. डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळायची बारीक खरखर) लावून १६ बिटांत ठेवलं तर कुणालाही फरक ऐकू येणार नाही, जागा वाचते, आणि मोटारीतल्या म्युझिक सिस्टिमलाही १६ बिटच आवडतात.

शून्य_डेसिबल
ॲनालॉग टेपवरून केलेल्या सीडीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तेव्हाच डिजिटल टेपवर मुद्रित केलेल्या सीडीही खर्ज यांच्याकडे असणार, जपानी आहेत म्हणजे नक्कीच. तिथे तळ खरोखर खाली असतो.

गणित असं. डी-एम्फसिस केल्यावर सीडीतली क्वांटायझेशनची (नमुने ठरावीक बिटांत बसवताना येणारी) खरखर वरच्या पट्टीत ७ ते ९ डेसिबल खाली जाते. प्री-एम्फसिसचा सगळा फायदा एवढाच आहे. मग तेच १६ बिटांत परत लिहिताना नवी क्वांटायझेशन होते, शिवाय डिदरची खरखर भर घालते, तीही सगळ्या पट्टीवर सारखी. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी त्या माणसांनी जे मिळवलं ते आपण शेवटच्या पायरीवर घालवून बसतो. २४ बिटांत ते शाबूत राहतं.

जागेचा हिशेब: जादा ८ बिट म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट, आणि ते जवळपास सगळे यादृच्छिक असल्यामुळे फ्लॅकला दाबता येत नाहीत. ७० मिनिटांच्या सीडीला अंदाजे ३७० एमबी जास्त. फ्लॅग असलेल्या सीडी १४० पैकी काही थोड्याच निघतील. एवढी जागा द्यावी.

अनाहत
३७० चा हिशेब पटला. ऐकायची प्रत २४ बिटांत ठेवू. मोटारीसाठी त्यावरून १६ बिटांची काढता येईल, सॉक्स त्या वेळी डिदर आपणहून लावतो.

कर्वेरस्ता
कंपनीवरून ओळखता येत नाही का? सीडीच्या पाठीवरचा क्रमांक बघून?

जवारी
सुगावा मिळतो, पुरावा नाही. तोशिबा-ईएमआय, सीबीएस/सोनी, डेनॉन यांच्या सुरुवातीच्या जपानी छपाया आधी तपासायला घ्या. सीबीएस/सोनीचा ३५डीपी हा क्रमांकाचा गट ओळखीचा आहे. त्यातले ३५ म्हणजे ३५०० येन, त्या वेळची किंमत. पण त्याच क्रमांकाची पुढची छपाई वेगळ्या मास्टरवरून झालेली असू शकते, आणि डबीवर यातलं काहीच छापलेलं नसतं. पुण्यातल्या अलूरकरांच्या संगीताच्या दुकानातून किंवा परदेशातून कुणी आणलेल्या हिंदुस्तानी संगीताच्या जर्मन, फ्रेंच, ब्रिटिश सीडींनाही हेच लागू. प्रत्येक प्रत तपासायची. एका सीडीला तीन-चार मिनिटं लागतात.

हडपसरी
जुना प्लेअर आणि त्याचं डिजिटल आउट घेऊन सरळ रेकॉर्ड केलं तर सुटका होईल का?

जवारी
नाही. जुन्या प्लेअरमध्ये डी-एम्फसिस बहुतेक वेळा डीएसीच्या (आकड्यांचा ध्वनी करणाऱ्या कन्व्हर्टरच्या) पुढे, ॲनालॉग भागात होतं. डिकोडर चिप एका पिनवर इशारा देते आणि रिले किंवा ट्रान्झिस्टर एक रोधक-धारक जोडी मध्ये आणतो. डिजिटल आउटमधून बाहेर पडणारे नमुने फुगलेलेच असतात. त्यांच्याबरोबर चॅनल स्टेटसमध्ये एम्फसिसची खूण जाते, पण ती मानायची की नाही हे पुढच्या यंत्रावर. संगणकाचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ती फाइलमध्ये लिहीत नाही. आणि फाइल यूएसबीवरून डीएसीला पाठवताना तर ही खूण न्यायची सोयच नाही.

पेठकरी
@खर्ज, सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग बराच डेटा खातो, दुरुस्तीची गणितं तिथे हरतात. छापील बाजू जास्त नाजूक. चंदेरी थर त्या बाजूला लाखेच्या पातळ थराखाली आहे, वाचायच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे.

मींड
अवांतर चाललंच आहे तर एक गोष्ट आजच करा. जुन्या दोन सीडींच्या जाड डब्यांत फोमचा चौकोनी तुकडा असतो. तो काढून फेकून द्या. फोम कुजून चिकट होतो, छापील बाजूला चिकटतो आणि लाखेला खाऊन आतल्या ॲल्युमिनियमपर्यंत पोचतो. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात हे लवकर होतं. फोम चिकटलेला असेल तर ओढू नका, सीडी आधी उतरवून घ्या, मग बघा.

आणि १९८८ नंतरच्या ब्रिटिश सीडी असतील तर कडेकडून तांबूस-सोनेरी झाल्यात का बघा. ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान छापलेल्या सीडींना हा रोग आहे. अशा आधी उतरवायच्या, बाकी रांगेत.

कर्वेरस्ता
फोमचं माहीत नव्हतं. संध्याकाळी कपाट उघडतो.

तिरकिट
समजा चुकून दोनदा डी-एम्फसिस झालं तर?

शून्य_डेसिबल
१० किलोहर्ट्झला साडेसात डेसिबल जादा कापले जातील. तानपुरा पांघरूण घातल्यासारखा येईल. आणि हे नकळत होतं, ते असं: आयट्यून्सने सीडी आत घेताना फ्लॅग दिसला तर ते आपणहून डी-एम्फसिस करतं, सांगत नाही. मग ती फाइल दुसऱ्या कुणाच्या हाती पडते, तो सीडीचा फ्लॅग बघतो आणि पुन्हा फिल्टर लावतो. म्हणून दुसऱ्याने दिलेल्या फाइलींना फिल्टर लावायच्या आधी ती कशी उतरवली ते विचारा.

जवारी
आता खर्ज यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो मागेच पडलाय.

मूळ तसंच ठेवायचं, आणि ऐकायची प्रत वेगळी काढायची. दोन्ही. कारण ॲक्युरेटरिपची (आपली प्रत इतरांच्या प्रतींशी ताडणाऱ्या डेटाबेसची) पडताळणी फक्त अस्पर्श नमुन्यांवर होते. फिल्टर लावला की एकही चेकसम (नमुन्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळणार नाही आणि उद्या ती प्रत बरोबर उतरवलेली आहे हे सिद्ध करायचा मार्ग उरणार नाही. बऱ्याच जुन्या जपानी छपाया त्या डेटाबेसमध्ये नसतात. मग ईएसीचं 'टेस्ट अँड कॉपी' दोनदा चालवा आणि दोन्ही सीआरसी, म्हणजे चेकसम, जुळवा.

मूळ प्रतीच्या क्यू-शीटमध्ये फ्लॅग्जची ओळ असते. टीओसीत फ्लॅग नव्हता म्हणून ईएसीने ती लिहिली नसेल, तर हाताने त्या ट्रॅकखाली 'फ्लॅग्ज पीआरई' लिहा. पुढे कधी सीडी-आर जाळायची झाली तर हीच क्यू-शीट आणि मूळ फाइल वापरून डिस्क-ॲट-वन्सने (अख्खी सीडी एका दमात) जाळा. जाळलेल्या सीडीवर फ्लॅग जातो आणि प्लेअर डी-एम्फसिस करतो. ऐकायच्या प्रतीवरून जाळणार असाल तर ती ओळ काढून टाका, नाहीतर वर तिरकिट यांनी विचारलेलं दुहेरी डी-एम्फसिस होईल.

मूळ फ्लॅकलाही एक टॅग लावा. फूबार २००० या संगणकावरच्या प्लेअरसाठी असं कॉम्पोनंट मिळतं की ते प्री-एम्फसिसचा टॅग बघून वाजवताना फिल्टर लावतं. पण फोन, टीव्ही, मोटार यांपैकी कुणीही हा टॅग बघत नाही. म्हणून ऐकायची वेगळी प्रत हवीच. रिप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवायचा टॅग) मोजायचं ते ऐकायच्या प्रतीवर.

अनाहत
फ्लॅग आहे पण प्रत्यक्ष ध्वनीला प्री-एम्फसिस नाही, असंही असतं ना? आणि याच्या उलट?

मींड
दोन्ही असतं. फ्लॅग चुकून लागलेल्या सीडी आहेत, डी-एम्फसिस केलं की त्या मंद वाटतात. आणि जुन्या डिजिटल मास्टरवरून पुढे काढलेल्या काही सीडींवर ना फ्लॅग आहे, ना डी-एम्फसिस केलेलं आहे. त्या कुठल्याही प्लेअरवर बोचऱ्याच वाजतात. @खर्ज, तुमच्या दोन सीडी जुन्या प्लेअरवर नीट वाजतात म्हणजे त्या या जातीच्या नाहीत, सबचॅनलमध्ये फ्लॅग सापडेल.

शंका आली की वर्णपट काढून बघा. त्याच ध्वनिमुद्रणाची दुसरी छपाई हवी, शक्यतो रीमास्टर न केलेली. दोन्हींतला नेमका तोच तुकडा घ्या, २०-३० सेकंद, मध्ये तबला आणि आवाज दोन्ही असलेला. ऑडॅसिटीत 'प्लॉट स्पेक्ट्रम', आकार ८१९२, हान विंडो. दोन्ही निर्यात करून स्प्रेडशीटमध्ये वजाबाकी करा. ५०० हर्ट्झच्या खालच्या भागात फरक शून्य येईल असं आधी जुळवा, कारण दोन छपायांची पातळी वेगळी असते. मग उरलेला फरक शून्य_डेसिबल यांच्या आकड्यांवर पडतो का बघा. २ किलोहर्ट्झला सव्वा, ५ ला साडेचार, १० ला साडेसात असा चढत गेला तर प्री-एम्फसिस आहे. १०० हर्ट्झलाही फरक असेल, किंवा ८ च्या आसपास उंचवटा येऊन पुढे खाली येत असेल, तर ते कुणीतरी नंतर केलेलं इक्वलायझेशन आहे. त्याला या फिल्टरने हात लावायचा नाही.

खर्ज
सगळ्यांचे मनापासून आभार. वीस सीडींवर सीडीआरडीएओ चालवलं, फास्ट-टॉक न देता.

ईएसीने 'होय' दाखवलेल्या तिन्हींचे निबल टीओसीशी जुळले. बोचणाऱ्या दोनपैकी एका सीडीत सगळेच ट्रॅक 'जुळत नाहीत'. दुसरीत ट्रॅक १, २, ३ 'जुळत नाहीत' आणि ४, ५ जुळतात. तिचा ३ ते ४ मधला जोड सलग नाही, मध्ये शांतता आहे, त्यामुळे १ ते ३ जोडून फिल्टर लावला.

पहिल्या सीडीची १९९० च्या दशकातली छपाई मंडळाच्याच एका सदस्याकडे मिळाली. मींड यांच्या पद्धतीने वजाबाकी केली, ३० सेकंदांचा तुकडा, द्रुत बंदिशीतला. १ किलोहर्ट्झला ०.३, २ ला १.३, ५ ला ४.४, १० ला ७.७, १६ ला ८.८. ५०० च्या खाली सपाट.

एक शंका: दुसऱ्या सीडीची क्यू-शीट ईएसीने एकाच फाइलची दिली आहे. 'फ्लॅग्ज पीआरई' ही ओळ नेमकी कुठे घालायची? शीर्षकानंतर की इंडेक्सनंतर?

जवारी
ट्रॅकच्या ओळीनंतर, त्या ट्रॅकच्या पहिल्या इंडेक्सच्या आधी. तिन्ही ट्रॅकना वेगवेगळी ओळ हवी, वर एकदाच लिहून चालणार नाही. कॉपीच्या परवानगीचा डीसीपी आधीच असेल तर दुसरी ओळ करू नका, त्याच ओळीत पुढे जागा सोडून पीआरई लिहा.